विषय: 18 फुटी जुनी बोट: घेण्याआधी काय तपासायचं?

नमस्कार मंडळी,

इथे मिशिगनमध्ये लेक सेंट क्लेअरजवळ 1992 ची 18 फुटी बोराइडर (पुढच्या टोकातही बसायला जागा असलेली मोटरबोट) विकायला आहे. 3.0 लिटर मर्क्रूझर इंजिन, अल्फा वन ड्राइव्ह (मागे बाहेर असलेला, प्रोपेलर फिरवणारा भाग), ट्रेलरसकट 1,200 डॉलर. मालक म्हणतो, "दोन वर्षं उभी आहे, पण इंजिन चालत होतं." शनिवारी बघायला जायचंय. सोबत काय न्यावं, आणि काय दिसलं की सरळ परत फिरावं?

(नोव्हाय)

---

उत्तर:

इंजिनाचं नंतर बघा. या वयाच्या बोटीत खरा खर्च लाकडाचा. ट्रान्सम, म्हणजे मागची ड्राइव्ह लावलेली भिंत, वरून फायबरग्लास असली तरी आत प्लायवूड असतं, आणि इंजिन ज्यावर बसतं ते स्ट्रिंगरही (तळातल्या लांब तुळया) बहुधा लाकडीच.

प्लास्टिकची हातोडी घ्या आणि ट्रान्सम वरून खाली ठोकत जा. टणक आवाज येतोय तोवर ठीक. भद्द झाला की आत ओल आहे. ड्रेन प्लगभोवती आणि शिडीच्या स्क्रूंपाशी जास्त वेळ घालवा, पाणी तिथूनच शिरतं. मग ड्राइव्ह थोडी वर उचलून तिच्यावर भार द्या आणि दुसऱ्याला आतून बघायला सांगा. ट्रान्सम हलताना दिसला तर चहा पिऊन घरी या. तो बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर, डेकचा काही भाग कापायचा, आणि नवा थर बरोबर 2 ते सव्वादोन इंच जाडीचा बसवायचा, कारण मर्क्रूझरची जोडणी तेवढ्याच जाडीवर बसते. सगळं स्वतः केलंत तरी अख्खा उन्हाळा त्यातच जातो.

मालक हो म्हणाला तर आतल्या बाजूने, तळाशी, 3 मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट निघाला तर उत्तम, काळा आणि ओला निघाला तर विषय संपला. भोक नंतर इपॉक्सीने भरा.

(ट्रॉय)

---

उत्तर:

ट्रान्समबद्दल पूर्ण सहमत, पण मिशिगनमध्ये माझा क्रम उलटा असतो: आधी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग. थंडीआधी त्यातलं पाणी नीट काढलं नसेल तर ते गोठून ब्लॉक फुटतो, आणि ते दोन मिनिटांत कळतं. टॉर्च घेऊन ब्लॉकच्या दोन्ही बाजू बघा. आडवी गंजाची रेघ, इपॉक्सी पुट्टीचा पट्टा किंवा एकाच जागी ताजा रंग दिसला तर समजून जा. डिपस्टिकवरचं तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं असेल तरीही तेच. फ्रीज प्लग (ब्लॉकच्या बाजूची धातूची झाकणं) उडाले म्हणून ब्लॉक वाचला, असं समजू नका.

आधीच कळवा की इंजिन गरम करून ठेवू नये, थंडच सुरू करायचं. आधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवा. ड्राइव्हला मफ (पाणी घेण्याच्या भोकांवर बसणारे रबरी कप) लावून नळाचं पाणी चालू केल्याशिवाय किल्ली फिरवू नका, नाहीतर इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) कोरडा घासून जळतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजताना चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. कुठलाही सिलिंडर 100 पीएसआयच्या खाली, किंवा सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तच्या 70 टक्क्यांहून कमी असेल तर नको. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

ड्राइव्हचा खालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करा. पाणी जड, म्हणून आत गेलं असेल तर तेलाआधी तेच बाहेर येतं. ड्राइव्ह आणि ट्रान्सममधल्या बेलोजच्या (रबरी नळीच्या) घड्या ताणून भेगा बघा. ते रबर फाटलं तर बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडते. बेलोज आणि इंपेलर बदलायचेच, असं धरून भाव करा.

आणखी एक: अल्टरनेटर किंवा स्टार्टर गाडीचा बसवलेला दिसला तर बदलायचाच. बोटीच्या सुट्या भागांची ठिणगी बंदिस्त असते. गाडीच्या नाही, आणि खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साचते.

(ॲन आर्बर)

---

उत्तर:

दोघांचे आभार. मालक भोक पाडायला नाही म्हणाला तर?

(नोव्हाय)

---

उत्तर:

तर वजन करा. 20 फुटांखालच्या बोटीत तरंगण्यासाठी फोम असतो, तो एकदा पाणी प्यायला की डेकखाली आपोआप वाळत नाही. ट्रेलरसकट ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर न्या. त्यातून ट्रेलरचं वजन आणि टाकीतलं पेट्रोल (गॅलनला साधारण 6 पाउंड) वजा करा, मग कंपनीने दिलेल्या कोरड्या वजनाशी (पेट्रोल-सामानाशिवायच्या) ताडा. तीन-चारशे पाउंड जास्त भरले तर फोम भिजलाय, आणि शेजारचे स्ट्रिंगरही त्याच पाण्यात आहेत. काट्यावर नेण्याआधी ट्रेलरची चाकं हाताने फिरवून बेअरिंग घरघरतात का बघा.

कागदपत्रांत कसूर नको. इंजिन पक्कं बसवलेलं असल्याने मिशिगनमध्ये 18 फुटीलाही टायटल (मालकीचा सरकारी दाखला) लागतं. स्टर्नवर (बोटीच्या मागच्या टोकाला) उजवीकडे 12 अक्षरी हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) असतो, शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे. इथे 92 हवेत, आणि पूर्ण नंबर टायटलशी जुळायला हवा. टायटल "हरवलंय" असेल तर मालकाने आधी डुप्लिकेट काढावं, पैसे नंतर.

बोट कधी फ्लोरिडात होती का, तेही विचारा. खाऱ्या पाण्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे भाग) आतून गंजतात, वरून नुसता रंग दिसतो.

(ट्रॉय)