टाके पिकले की दोष थिएटरचाच का?

वर कुणीतरी म्हटलंय, वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली म्हणजे थिएटर अस्वच्छ. दर वेळी तसं नसतं हो. आमच्या निपाणीच्या मामींचं ऑपरेशन बेळगावात झालं, दुर्बिणीतून. नवव्या दिवशी बेंबीजवळचा टाका लाल, गरम, आणि परकराच्या नेफ्यावर पिवळट डाग. नाडी नेमकी तिथंच घासत होती.

पण मूळ दुखणं साखरेचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९ टक्क्यांच्या वर असताना घाई केली. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, आणि चरबीच्या थराला रक्तपुरवठा आधीच तोकडा. त्यात धूम्रपान असेल तर बघायलाच नको. आमच्या निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात विडी सोडा म्हणणं सोपं नाही, पण ऑपरेशनआधी किमान ४ आठवडे बंद हवीच. पोट उघडून केलं किंवा ऑपरेशन लांबलं, तरी धोका वाढतो.

अँटिबायोटिकचं मात्र विचारून घ्या. सेफाझोलिन असेल तर चिरा द्यायच्या आधी तासाभरात, साधारण २ ग्रॅम; वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३. आणि घरून वस्तऱ्यानं केस काढून जाऊ नका. मामींनी तेही केलं होतं.