मदत हवी आहे: नोकरी न सोडता क्लिनिकल रिसर्च कुठे शिकता येईल?

तेरेखोलकाठ:

नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस, दक्षिण सिंधुदुर्गात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी. घरचं सगळं बघता इतक्यात नीट-पीजीच्या मागे लागणं शक्य नाही, पण संशोधन पद्धतशीर शिकायचंय.

कारण लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप. लावणीला चिखलात उतरणाऱ्यांना आम्ही तो होऊ नये म्हणून आठवड्याला डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची मात्रा देतो. आशाताईंच्या वहीत टिक पडते. प्रत्यक्षात गोळी पदराच्या गाठीत बांधून शेतावर जाते आणि पुष्कळदा तशीच घरी येते. बायकांनी गाठ सोडून मला दाखवलीय. मला बघायचंय की गोळी खरंच किती जण घेतात, आणि घेणाऱ्यांना लेप्टो कमी होतो का.

अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २००६ साली सीटीएसए नावाची संशोधन अनुदानं सुरू केली. त्यांच्या आधाराने तिथल्या विद्यापीठांत क्लिनिकल आणि ट्रान्सलेशनल (प्रयोगशाळेतलं रुग्णांपर्यंत नेणाऱ्या) रिसर्चचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि ते फक्त डॉक्टरांपुरतं नसतं. आपल्याकडे असं काही आहे का? शोधायला गेलं की खाजगी संस्थांचे पीजी डिप्लोमेच समोर येतात. दुसरं, आमच्याकडे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी एथिक्स कमिटी नाही, मग परवानगी कोण देणार? (विंचूदंशावर संशोधन केलेल्या महाडच्या डॉ. बावस्करांकडे बघा, हे कृपया सांगू नका. ते सगळेच सांगतात.)

साथवाला:

डॉक्टर, ते डिप्लोमे तुमच्यासाठी नाहीत. बहुतेकांत औषध कंपन्यांच्या ट्रायल चालवणारी माणसं घडवतात: कागदपत्रं, मॉनिटरिंग, साइटची कामं. ती नोकरी हवी असेल तर ठीक. स्वतःचा प्रश्न घेऊन अभ्यास आखायला तिथे फारसं शिकवत नाहीत.

सुरुवात आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चेन्नईला एनआयई ही साथरोगशास्त्राची संस्था आहे, तिच्या 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' या ऑनलाइन कोर्सने करा. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे. नंतर एनआयएचचा आयपीपीसीआर, हा क्लिनिकल रिसर्चच्या तत्त्वांचा कोर्स. तोही घरबसल्या आणि मोफत. पदवीच हवी तर एनआयईचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) आहे, पण त्यासाठी नोकरीतून बाजूला व्हावं लागेल. लंडन विद्यापीठाची क्लिनिकल ट्रायल्समधली एमएससी दूरशिक्षणाने होते. मात्र फी पौंडांत, तेव्हा आधी घरी विचारा.

एथिक्सचं सोपं आहे. स्वतःची कमिटी नसलेल्या संस्थेने करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जावं, अशी सोय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी करा, फक्त त्यांची कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे (डीएचआर) नोंदलेली आहे ना ते बघा. आणि परवानगी आधी, माहिती गोळा करणं मागाहून.

मिरगाचो पावस:

डॉक्टरीणबाई, गोळी उपाशी पोटी घेतल्यार मळमळता, म्हणान लोकां टाळतत. सकाळी पेज जेवल्यार मगे घेवा, असा आशाताईक सांगूक सांगा. ह्येका अभ्यास कित्याक होयो?

तेरेखोलकाठ:

@मिरगाचो पावस, 😀 तुम्ही म्हणताय तेच तर मोजायचंय.

@साथवाला, खूप आभार. अर्ध्या गावाला गोळी आणि अर्ध्याला नाही, अशी तुलना करता येईल का?

साथवाला:

नाही. जे औषध सरकार आधीच सगळ्यांना देतंय, ते अभ्यासासाठी निम्म्यांचं काढून घेणं कुठलीच कमिटी मान्य करणार नाही, आणि करूही नये.

'लेप्टो कमी होतो का' हा भाग सध्या सोडा. त्यासाठी माणसं फार लागतील, शिवाय निदानच निसरडं: आयजीएम ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की कित्येक महिने तशीच राहू शकते, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे यंदाचाच लेप्टो असं छातीठोक सांगता येत नाही. पक्कं करायचं तर रक्ताचे दोन नमुने काही दिवसांच्या अंतराने घेऊन मॅट ही प्रतिपिंडांची वाढ मोजणारी चाचणी करावी लागते.

त्यापेक्षा मिरगाचो पावस यांचा मुद्दा धरा. काही वाड्यांत नेहमीसारखं वाटप, काहींत आशाताईंनी पेज खाल्ल्यावर समोरच गोळी द्यायची. कुठल्या वाडीत काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. अशी तुलना म्हणजे ट्रायलच, तेव्हा पहिला माणूस घेण्यापूर्वी सीटीआरआय या भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी करा, मोफत आहे. एक लक्षात ठेवा: एका वाडीतली वीस माणसं म्हणजे वीस सुटी माणसं नव्हेत, ती एकमेकांचं बघून वागतात. किती माणसं घ्यायची याचं गणित त्या हिशेबाने करावं लागतं, म्हणून संख्याशास्त्रज्ञाला पहिल्याच दिवशी धरा. माहिती जमल्यावर त्याच्याकडे गेलात तर तो हात वर करील.

नको म्हणालात तरी बावस्करांचं नाव काढतोच. २०११ चा बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला त्यांचा पेपर मिळवून त्याची आखणी वाचा. विंचूदंशात नुसतं प्राझोसिन हे औषध की प्राझोसिनसोबत प्रतिविष, एवढीच तुलना, आणि रुग्ण महाडचे. तुमचा प्रश्नही इतकाच आटोपशीर करा.

तेरेखोलकाठ:

वाचते. वाड्यांची यादी करून पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. कोकणातल्या कुठल्या मेडिकल कॉलेजात पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागात असं काम कुणी करत असेल तर कृपया व्यनि करा. लावणीआधी परवानगी हातात हवी.