१९५० ची प्लिमथ घ्यावी का? ब्रेक आणि इंजिन तापण्याबद्दल मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. पेनसिल्व्हेनियात राहतो, व्यवसायाने संगणकवाला. पाना हातात घेतो तो फक्त हौस म्हणून. इतकी वर्षं दर ऑक्टोबरात हर्शीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात नुसता चिखल तुडवून परत यायचो. यंदा मात्र घराजवळच एका आजोबांच्या गोठ्यात १९५० ची प्लिमथ स्पेशल डिलक्स सापडली. चार दारं, राखाडी रंग, साडेसहा हजार डॉलर सांगतायत.

विंटेज म्हटलं की लोकांना शेपटीला पंख असलेली कॅडिलॅक आठवते. ही त्यातली नाही. युद्धानंतर सामान्य माणसाच्या आवाक्यात फोर्ड, शेव्हरले आणि प्लिमथ अशा तीनच मोठ्या गाड्या होत्या, आणि दिसायला सगळ्यात साधी हीच. क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह असा की डोक्यावर हॅट ठेवून माणसाला गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणून छप्पर उंच, बैठक खुर्चीसारखी. शेजारच्या फोर्डपुढे ती पावाच्या लादीसारखी दिसते हे मान्य. पण माझ्या सासूबाई गुडघ्याला हात न लावता मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "ही घ्या." बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

इंजिन सरळ सहा सिलिंडरचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, २१७.८ घन इंच, ९७ अश्वशक्ती. बॉनेट उघडलं की आत उभं राहता येईल इतकी जागा. चालू होते, गिअर पडतात. अडचणी अशा:

ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल जवळजवळ तळाला जातं, दुसऱ्यांदा दाबल्यावर पकडतो. वीसेक मिनिटं चालवली, त्यात चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला, मात्र रेडिएटर नवा आहे. सेल्फ मारला की म्हातारा जिना चढतोय असा आवाज. गावातला मेकॅनिक म्हणतो, सहा व्होल्ट काढा, सगळं बारा व्होल्टवर न्या. आणि मागचं डावं चाक काढताना आजोबांच्या नातवाने एक बोल्ट तोडून ठेवलाय.

घ्यावी का? आणि पैसे देण्याआधी काय बघू?

प्रतिसाद: तेलकट_हात

चाकापासून सुरू करतो. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवले तरच सैल होतात. नातवाने जोर लावून घट्ट केला आणि तोडला. प्रत्येक प्लिमथवाल्याने एकदा तरी ही दक्षिणा दिलेली असते.

आता पेडल. दुसऱ्या दाबाला पकडतो म्हणजे बहुतेक लायनर ड्रमपासून लांब गेलेत. पुढच्या प्रत्येक चाकात दोन व्हील सिलिंडर असतात आणि प्रत्येक शूला (लायनर बसवलेली, ड्रमला आतून दाबणारी वाकडी पट्टी) वेगळं सेटिंग. शू आपोआप मध्यावर येत नाहीत, खालचे अँकरही (शूचं टोक ज्यावर टेकतं ते खिळे) जुळवावे लागतात. सवय नसलेला मेकॅनिक वरचं सेटिंग फिरवून मोकळा होतो. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, गालिचा उचलून झाकण काढा आणि ब्रेकच्या तेलाची पातळी बघा. अख्ख्या गाडीला एकच सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाकं गेली. हँडब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवरच्या ड्रमवर लागतो. तो धड आहे का ते आधी बघा.

मागचे ड्रम निमुळत्या अ‍ॅक्सलवर बसतात. त्याला मोठा पुलरच लागतो. अ‍ॅक्सलच्या टोकावर घण घालू नका, धक्का थेट डिफरन्शिअलमध्ये जातो. पुलर लावल्यावर नट पूर्ण काढू नका, टोकाशी राहू द्या, नाहीतर ड्रम सुटताना अंगावर उडी मारतो.

प्रतिसाद: कुर्ल्याचा_नातू

तेलकट_हात, +१.

तापण्याबद्दल: या ब्लॉकच्या आत वॉटर पंपाच्या मागून शेवटच्या सिलिंडरपर्यंत एक चपटी लांब नळी असते, जागोजागी भोकं पाडलेली. थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्हपाशी पोचवणं हे तिचं काम. ती गंजली की पुढचे सिलिंडर गार आणि मागचे भाजतात. रेडिएटर कितीही नवा लावा. पिस्तुलासारखं तापमापक घेऊन जा, गाडी गरम झाल्यावर हेडचं पुढचं आणि मागचं टोक मोजा. फरक मोठा असेल तर किंमत पाडा.

माझे आजोबा कुर्ल्याला प्रीमियर मोटार कंपनीत फिटर होते. वालचंद हिराचंदांच्या त्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडत. ते या इंजिनाला "गरीब बैल" म्हणत. उपाशी ठेवा, ओढतो. पाणी तोडू नका.

बारा व्होल्टच्या नादी लागू नका. नव्वद टक्के वेळा कुणीतरी बॅटरीला आधुनिक, बारीक केबल लावलेली असते. सहा व्होल्टला करंट दुप्पट लागतो, म्हणून अंगठ्याएवढी जाड केबल हवी. अर्थिंगची जागा घासून पत्रा उघडा करा. आणि लक्षात ठेवा, यात प्लस चासीला जातो. उलटी बॅटरी लावणारे महाभाग पाहिले आहेत.

प्रतिसाद: कागदपत्र_काका

अहो, इंजिनाआधी कागद बघा. पूर्वी काही राज्यांत गाडीची नोंद इंजिन नंबरावर होत असे. इंजिन बदललेलं असेल तर मालकीचा कागद आणि गाडी जुळत नाही. खरा नंबर ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरच्या पट्टीवर. इंजिनाचा नंबर डाव्या बाजूला, डायनामोच्या वर कोरलेला. १९५० चं असेल तर सुरुवात पी-२० ने होते.

मग पत्रा. पायाखालची जमीन, दारांखालची पट्टी आणि डिकीचा तळ स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. यांत्रिक भाग अजून सहज मिळतात, चार दारांच्या गाडीचा पत्रा शोधताना मात्र घाम निघतो. शिसेविरहित पेट्रोलची काळजी नको, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कारखान्यातूनच कठीण धातूच्या असतात. पेट्रोलमधल्या इथेनॉलसाठी इंधन पंपाचा रबरी पडदा तेवढा नवा टाका.

हायवेचा विचार सोडा. ताशी ५० ते ५५ मैलांवर ही सुखी असते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. शनिवारी जाऊन आलो. पट्टीवरचा नंबर कागदाशी जुळला. इंजिनावर पी-२० आहे. केबल खरंच बारीक होती, जाड लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. आजोबा जरा ओशाळले.

हेडचं तापमान: पुढे १७५, मागे २१० फॅरनहाइट. कुर्ल्याचा_नातू, तुम्हाला एक चहा लागू. पाच हजार आठशेला सौदा ठरला, गाडी ट्रेलरवरून घरी आली.

आता पुढची अडचण. रेडिएटर आणि पंप काढला, नळीचं तोंड दिसतंय. ओढली तर चार इंचांचा तुकडा हातात आला, बाकीची आतच. कुणी काढली आहे का अशी?

प्रतिसाद: कुर्ल्याचा_नातू

काढली आहे, दोन दिवस गेले. पोलादी सळईच्या टोकाला आकडा वाकवा, नळीच्या भोकात अडकवा आणि मागे-पुढे हलवत ओढा. आधी रात्रभर गंज सोडवणारं तेल ओतून ठेवा. ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या टोप्याही काढून आतला गाळ उपसा, शेवटच्या टोपीमागे पावशेर चिखल निघेल. चहा कडक, दोन चमचे साखर.