तंबू, टॉकीज आणि गल्लीतला टीव्ही : बेळगाव-निपाणी-खानापूरकडचे सिनेमाचे अनुभव सांगा

शहापूरकर :

कोल्हापूरच्या सिनेमाबद्दल भरपूर लिहून झालंय. बाबूराव पेंटर, १९२९ साली तिथं निघालेली आणि १९३३ ला पुण्याला गेलेली प्रभात, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ, सगळं. पण त्या सिनेमांचं गिऱ्हाईक दूधगंगेच्या अलीकडंही बसलेलं होतं, त्याचं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

मला स्वतःला फार उशिरा कळलेली एक गोष्ट आधी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण सिनेमाच्या धंद्यात गेलंच नाही. वितरकांच्या वाटणीत आपला मुंबई-कर्नाटकचा पट्टा 'बॉम्बे सर्किट'मध्येच राहिला, म्हैसूर सर्किट वेगळं. म्हणजे मामलेदार, पोलीस, शाळेची पुस्तकं बेंगळूरच्या हिशेबानं, आणि हिंदी सिनेमाची पेटी मुंबईच्या हिशेबानं.

तर लिहा. थेटर, तंबू, गणपतीतला पडदा, शेजाऱ्याचा टीव्ही, काहीही चालेल. कानडी सिनेमेही चालतील, नव्हे, पाहिजेतच. सीमाप्रश्नावर भांडायला दुसरे धागे आहेत, इथं नको.


ऑपरेटरचा_मुलगा :

वडील बेळगावातल्या एका टॉकीजात ऑपरेटर होते. टॉकीजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मालकांच्या घरचे इथं वाचत असतील.

लोकांना वाटतं ऑपरेटर म्हणजे बटण दाबून फुकट सिनेमा बघणारा. वडिलांनी एकही सिनेमा सलग बघितला नाही. केबिनमध्ये दोन मशिनं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, दोन जोडून लावली तर बावीस. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका येतो. पहिला ठिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा आला की त्याच्यावर जायचं. तुम्ही हिरॉईन बघत होता तेव्हा आमचा बाप तो कोपरा बघत बसलेला असायचा. अजूनही मी जुना सिनेमा लावला की माझी नजर तिकडंच जाते, बायको वैतागते.

उजेड कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर, मध्ये ठिणगी. कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून चाक फिरवून त्या सतत जवळ आणायच्या. जरा दुर्लक्ष झालं की पडदा तांबूस व्हायचा आणि खालून पहिली शिवी यायची. ही शिवी कानडीत असो की मराठीत, वडील उत्तर मराठीतच द्यायचे, तेही पुटपुटत. केबिनमधली ती गरमी आणि धूर मी विसरणार नाही. पावसाळ्यात मात्र मला तिथंच बसायला आवडायचं. बेळगावची झड लागली की अख्ख्या गावात तेवढीच एक कोरडी खोली असावी.

खरी मजा एका प्रिंटवर दोन थेटरं चालायची तेव्हा. इकडं शो आधी सुरू, तिकडं थोडा उशिरा, आणि इथं संपलेली रिळं सायकलवरून तिकडं. सायकलवाला पोऱ्या पंक्चर झाला की तिकडचं पब्लिक खुर्च्या बडवायला लागायचं. मग स्लाइडी लावायच्या: सराफाची, सायकल दुकानाची, 'पुढील आकर्षण'. त्याही संपल्या की फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट परत. खत कसं घालावं हे सिनेमाच्या आधी एकदा आणि मध्यंतरानंतर पुन्हा बघूनही कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. बहुतेक पहिल्यांदा कुणी बघितलाच नसणार.


निपाणीची_नात :

वरचं वाचून हसले. आमच्याकडं खुर्च्या बडवायचा मान बायकांचाही होता!

आमची आजी बिड्या वळायची. मजुरी हजारावर. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंडानं सिनेमाची गोष्ट. दहा-बारा बायका एका सोप्यात बसलेल्या. एकीनं सिनेमा बघून यायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, असा रिवाज. आजी सांगायची तेव्हा गाणीसुद्धा पूर्ण म्हणायची, त्यात बिड्या कमी व्हायच्या म्हणून कारभारी ओरडायचा. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सोप्यात तो आजी जाईपर्यंत चालला. जयश्री गडकर कशी बसली, कशी उठली, पदर कुठल्या खांद्यावर, सगळं. मी तो सिनेमा मोठेपणी बघितला तर आजीचाच बरा होता.

आता पैशाची गोष्ट. आमच्या भागात कानडी सिनेमाला करात सवलत मिळायची, मराठीला नाही. त्यामुळं मराठी सिनेमा लागला तरी तिकीट चढं, आणि लागायचाही तो उशिरा, घासून पांढऱ्या रेघा पडलेल्या प्रिंटवर. म्हणून नवा मराठी सिनेमा बघायचा तर लाल एसटीत बसून कोल्हापूर. चाळीसेक किलोमीटर तर आहे. 'पिंजरा' १९७२ ला आला तेव्हा आजी आणि तिच्या मैत्रिणी भाकरी बांधून गेल्या होत्या. शांताराम आपल्या कोल्हापूरचा, रंगीत सिनेमा काढलाय, मग जायलाच पाहिजे की! परत येताना मास्तर बरोबर की चंद्रकला बरोबर यावर गाडीत एवढं भांडण झालं की कंडक्टरनं त्यात भाग घेतला. कोगनोळी नाक्यापर्यंत तो मास्तरांच्या बाजूनं होता म्हणे.


कॅम्पातला :

थोडक्यात लिहितो. आम्ही कॅम्पात राहायचो, ग्लोबला इंग्रजी सिनेमे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमधले जवान रविवारी रांगेत पुढं. साताऱ्या-सांगलीकडची पोरं, इंग्रजी आम्हालाही येत नव्हतं आणि त्यांनाही. पण बंदुका चुकीच्या धरल्या की ते सगळे एकदम हसायचे. तेवढं सोडलं तर काउबॉयचे सिनेमे आम्ही सगळ्यांनी सारखेच समजून घेतले, म्हणजे काहीच नाही. मजा पूर्ण आली.


चिंचलीकर :

रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्कादेवीची माघातली जत्रा. महाराष्ट्रातून बैलगाड्या, नंतर ट्रॅक्टर, नंतर टेम्पो. त्या जत्रेत तंबूचे सिनेमे यायचे. खाली जमीन, पुढं बसलात तर मान मोडते, मागं बसलात तर बाहेरच्या पाळण्याचा भोंगा ऐकू येतो. बायकांच्या आणि पुरुषांच्या मध्ये दोर. संध्याकाळी पहिला शो सुरू व्हायच्या आधी भोंग्यावर देवाचं गाणं लावायचे. ते बंद झालं की तिकीट विक्री बंद, हे कळायचं.

एक सांगतो, कुणाला खोटं वाटेल. दोन तंबू शेजारी असायचे. एकात दादा कोंडके, दुसऱ्यात कानडीतला राजकुमार. कापडाला भिंत म्हणायचं तेवढंच. इकडं दादांचा द्व्यर्थी डायलॉग आणि तिकडं राजकुमार आईच्या पाया पडतोय, दोन्ही एकदम कानात. आमच्या वडिलांना दोन्ही भाषा यायच्या, ते म्हणायचे, एका तिकिटात दोन बघितले. राजकुमारचा 'बंगारद मनुष्य' १९७२ चा. शहर सोडून गावात येऊन शेती करणारा हिरो. आमच्याकडच्या किती पोरांनी तो बघून विहिरी काढल्या ते विचारा. पाणी किती जणांना लागलं ते विचारू नका.


अथणीची_सून :

@चिंचलीकर, अगदी. मी माहेरची मिरजेची. लग्नानंतर पहिला सिनेमा बघितला तो कानडी, सासूबाईंबरोबर. एक अक्षर कळलं नाही. सासूबाई कानात मराठीत सांगत होत्या आणि मागची बाई त्यांना कानडीत 'गप बसा' म्हणत होती, तेही त्या मला मराठीत सांगत होत्या.

धाग्यात अजून अमीरबाई कर्नाटकी कशी आली नाही? तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीची. १९४३ च्या 'किस्मत'ची गाणी तिची, तो सिनेमा कलकत्त्याला तीन वर्षांवर चालला. बहीण गोहरबाई बालगंधर्वांबरोबर मराठी रंगभूमीवर. घरची भाषा कानडी, नाव कमावलं हिंदीत, आणि पैसे आल्यावर विजापुरात स्वतःची टॉकीज काढली, अमीर टॉकीज. नटीनं बंगला घ्यायचा तर हिनं थेटर घेतलं. मला तिच्याबद्दल फार कौतुक आहे. आणि हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या शांता हुबळीकर? 'माणूस' १९३९ चा, त्यातलं 'कशाला उद्याची बात' हे गाणं एकाच वेळी किती भाषांत फिरतं ते ऐका. आपल्या भागातल्या बाईनं म्हणायचं गाणं असंच असणार. (मी जरा जास्तच ओढून आणतेय, पण असू दे.)


खानापूर_रेल्वे_लाइन :

सगळे थेटरावर लिहितायत, टीव्हीवर मी लिहितो.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही मास्तरांकडं. लाकडी पेटी, सरकतं शटर, वर क्रोशाचा रुमाल. त्याआधीच्या काळात टीव्हीचं लायसन्स लागायचं, पोस्टात पैसे भरायचे, हे पोरांना सांगितलं तर ती आपल्याकडं संशयानं बघतात. मास्तरांच्या घरी चपला बाहेर, पाय धुऊन आत, आणि पहिल्या रांगेत त्यांची आई. ती 'हम लोग' संपताना अशोककुमार हात जोडायचे तेव्हा उलटा नमस्कार करायची.

पण आमची पंचाईत वेगळीच. दिल्लीचं हिंदी दिसायचं, बेंगळूरचं कानडी दिसायचं, मराठी काही नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ पासून चालू, पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की तिथल्या मराठी कार्यक्रमांच्या गप्पा, आणि आम्ही गप्प. आम्हाला हिंदी गाण्यांचा 'चित्रहार' आणि कानडी गाण्यांची 'चित्रमंजरी'. अँटेनावर सगळे प्रयोग झाले: ॲल्युमिनियमच्या ताटल्या बांधल्या, बांबू वाढवला. काका कौलांवर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. "आला का?" "आला... गेला." काका भिजून खाली उतरायचे. मुंग्या मात्र स्पष्ट दिसायच्या.

मराठी सिनेमा दिसायचा तो रविवारी दुपारी, प्रादेशिक चित्रपटांच्या वेळेत. सगळ्या भाषांची पाळी असायची. मराठीची पाळी यायची तेव्हा गावातली माणसं जेवणं लवकर उरकून बसायची. बाकीचे रविवार आम्ही बंगाली, मल्याळी, असमिया सिनेमे खालच्या इंग्रजी ओळी वाचत बघितले. माझं इंग्रजी शाळेत नाही, तिथं सुधारलं. आणि कानडीची पाळी आली की मास्तर स्वतः उठून अर्थ सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

रामायण (१९८७-८८) आणि महाभारत सगळ्यांनीच बघितलंय, त्यावर परत नको. फक्त एवढंच की लाइट गेली की आमच्याकडं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे, आणि सोमवारी सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायचा नाही.


झेंडाचौक_गल्ली :

गणपतीतला पडदा राहिला की! बेळगावचा सार्वजनिक गणपती टिळकांच्या काळापासूनचा, पण आमच्या पिढीला त्याचं महत्त्व सोळा एमएमच्या मशिनामुळं. गल्लीच्या मध्ये आडवा पांढरा पडदा बांधायचा. समोर जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पलीकडच्या बाजूनं. पलीकडून नावं उलटी, हिरो डावखुरा, तलवार डाव्या हातात. वर्षानुवर्षं आमचं घर पडद्याच्या मागं यायचं. भालजींच्या सिनेमातले सगळे मावळे माझ्या डोक्यात अजून डावखुरेच आहेत.


शहापूरकर :

छान चाललंय. माझं मत सांगतो, पटत नसेल तर बोला. थेटरं टीव्हीनं मारली असं सगळे म्हणतात, मला नाही पटत. रविवारचा सिनेमा टीव्हीवर बघून लोक संध्याकाळच्या शोला जायचेच. मारलं ते व्हिडिओनं. व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, वर्गणी काढायची, आणि रात्रभर चार सिनेमे बघून सकाळी लाल डोळ्यांनी परत द्यायचा. आणि ती कॅसेट नव्या सिनेमाची असायची, तिकीट काढून बघायला उरलं काय?


ऑपरेटरचा_मुलगा :

अर्धं पटलं. व्हिडिओनं नवा सिनेमा खाल्ला. पण आमच्या थेटराचं पोट मॅटिनीवर होतं, जुने सिनेमे, कमी दर. कॉलेज बुडवणारी पोरं आणि बाजाराला आलेली खेड्यातली माणसं. ती मॅटिनी टीव्हीनंच बंद पाडली. जुना सिनेमा घरात फुकट दिसायला लागल्यावर दुपारी बाराला कोण येणार? वडील म्हणायचे, रात्रीच्या शोला पब्लिक येतं आणि मॅटिनीला गिऱ्हाईक येतं. गिऱ्हाईक गेलं.


निपाणीची_नात :

मला पटलं नाही. आमच्याकडं बायका टीव्ही आला तरी जात होत्या. 'माहेरची साडी' १९९१ चा, तेव्हा घरोघर टीव्ही होते. तरी थेटराबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागले होते, मी डोळ्यांनी बघितलंय. सोप्यात बसून एकटीनं रडणं वेगळं आणि शेकडो बायकांत मोठ्यानं रडणं वेगळं. ती सोय टीव्हीत नाही.


कॅम्पातला :

@ऑपरेटरचा_मुलगा, एक विचारायचं होतं. आम्ही थेटराच्या मागच्या कचऱ्यातून काळ्या कांड्यांचे तुकडे गोळा करायचो, वरून तांबडे. ते हेच कार्बन काय?


ऑपरेटरचा_मुलगा :

होय, तेच. वर तांब्याचा पातळ मुलामा असतो, वीज नीट जावी म्हणून. शेवटचे दोन-तीन इंच जाळता येत नाहीत, ते टाकून द्यावे लागतात. म्हणजे ते तुम्ही लोक नेत होता! तांबं खरवडून भंगारात घालायला आम्ही भावंडं ते शोधत फिरायचो, आणि वडील म्हणायचे की टाकले तिथंच आहेत, नीट बघा.