वरच्या टाकीला पाणी कमी पडतंय त्यावर

भाऊ, एकाच सम्पवर (खाली ठेवलेली फिल्टरची टाकी, पंप त्यातच) माशांच्या दोन टाक्या, एक वर एक खाली, खालचीत धो धो पाणी अन् वरचीत नुसती करंगळीएवढी धार, तर त्यात पंपाचा दोष नाही, मोठा पंप घेऊ नका. पाणी सोपी वाट धरतं, खालच्या टाकीला हेड (पाणी चढवायची उंची) कमी म्हणून सगळं तिकडेच पळतं. आपल्याकडे केळीच्या ड्रीपला कसं, जवळच्या प्लॉटचा वॉल अर्धा दाबल्याशिवाय टोकाला प्रेशर जात नाही, तसंच हे. वरचा वॉल पूर्ण उघडा ठेवा, खालचा हळूहळू दाबा, अन् तो गेट वॉल घ्या, बॉल वॉल जरा हलला की एकदम फरक पडतो. पंपाच्या सक्शनला (पाणी ओढायच्या तोंडाला) मात्र वॉल लावू नका.

ड्रेन (टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरवणारा पाइप) वॉलने दाबायचा तर शेजारी दुसरा मोकळा पाइप पाहिजेच. मी नव्हता ठेवला, व्हॅलिसनेरियाचं (टाकीत लावतात ती लांब पानांची वनस्पती) एक पान अडकलं अन् सकाळी हॉलमध्ये चपला तरंगत होत्या 😅

लाइट गेली की रिटर्नमधून (पंपाकडून टाकीत पाणी नेणारा पाइप) पाणी उलटं सम्पमध्ये येतं, तेवढी जागा रिकामी सोडा. आणि जळगावच्या मे महिन्यात पंपाच्या कप्प्यातलं पाणी रोज बघा, बाष्पीभवन तिथेच दिसतं, बुडबुडे यायला लागले म्हणजे पंप हवा ओढतोय.