विषय: बॅस्ट्रॉपची (टेक्सस) १५ एकर, डीडवर (खरेदीखतावर) आईबाबांचं नाव

मंदार:
शुक्रवारी क्लोजिंग, म्हणजे खरेदी पूर्ण. रँचरची मुलं ह्यूस्टनला, तुकडे पाडून विकतायत. डीडवर आमच्याबरोबर आईबाबांचं (पुणे) नाव घालतोय. गाई त्याच चरणार, म्हणजे अ‍ॅग व्हॅल्युएशन (शेतीवापरामुळे मिळणारी कमी कर-आकारणी) आपोआप पुढे चालू ना?

शुभदा:
आपोआप नाही. मालक बदलला की नवा अर्ज: फॉर्म ५०-१२९, पुढच्या ३० एप्रिलच्या आत, काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी जमिनीची किंमत ठरवणारी कचेरी). उशिरा घेतात, पण वाचलेल्या करावर १० टक्के दंड. चराईचा करार लेखी करून घ्या, तोंडी चालत नाही असं समजूनच चाला.
आईबाबांचं नाव काढा! टेक्ससच्या टॅक्स कोडचं कलम २३.५६ वाचा. नॉनरेसिडेंट एलियन (अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी) मालकाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागत असेल तर जमीन अपात्र. एलएलसी (कंपनी) काढलीत तरी त्यांचा वाटा निम्म्यावर नको.

हेमंत:
नोंदणी म्हणजे फॉर्म एफएसए-१५३, ९० दिवसांत, जमीन ज्या काउंटीत तिथल्या एफएसए (केंद्राच्या कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी) कचेरीत. एच-१बी वाल्यांनाही लागू, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. उशीर झाला की दर आठवड्याला बाजारभावाच्या ०.१ टक्का, कमाल २५ टक्के. १० एकर किंवा कमी आणि मालाची वार्षिक विक्री १००० डॉलरपर्यंत, तरच सूट. तुमची १५ आहे.

विद्या:
गाई कशाला, मधमाश्या ठेवा. करसवलतीला तेही चालतं, ५ ते २० एकरांत. बऱ्याच काउंट्यांत पहिल्या ५ एकरांना ६ पेट्या, पुढे दर अडीच एकरांना एक. १५ ला १०.

हेमंत:
विद्याताई, गाई असताना पेट्यांचा खर्च कशाला? घर बांधणार असाल तर ती जागा वेगळी मोजतात. तेवढ्या तुकड्यावर रोलबॅक (मागच्या वर्षांत वाचलेला कर परत) लागू शकतो, ५ वर्षांचा व्याजासकट.

शुभदा:
५ नाही, ३, २०१९ पासून. व्याजही नाही, २०२१ पासून.

अविनाश:
आपल्या लोकांनी भाव चढवले म्हणून रँचर उठतायत, असं मागच्या बैठकीत ऐकलं.

शुभदा:
२०२२ च्या शेतीगणनेत अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१. मुलं शहरात. आपण नसतो तरी विकलीच असती. हा वाद नको, मंदारचा शुक्रवार आहे.

मंदार:
टायटल कंपनीला (मालकी तपासून व्यवहार पूर्ण करणारी) कळवलं, नावं काढली. हेमंतदादा, आमच्या तिघांपैकी एकजण एच-१बी. त्याने एकट्याने फॉर्म भरायचा ना?

हेमंत:
हो, त्याच्या वाट्यापुरता. पण तो नॉनरेसिडेंट मानला जातो का, हे शुक्रवारच्या आत अप्रेझल डिस्ट्रिक्टला लेखी विचार.