ट्रायम्फ टीआर-६: हाफ शाफ्टचे क्रॉस बदलू की सीव्ही शाफ्ट घेऊ?

गियरवेडा:
१९७२ ची टीआर-६ (ब्रिटिश स्पोर्ट्स कार). क्लच सोडला की मागून 'टक्' आवाज येतो आणि वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू झटका देते. डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरपेटीच्या) माउंटचे रबर ठीक आहेत. हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) चारही क्रॉस (दांडा वाकू देणारे सांधे) नवे टाकू, की थेट सीव्ही जॉइंटवाले (वाकूनही एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या सांध्यांचे) शाफ्ट? किमतीत बराच फरक आहे.

पाना_१३:
दुखणी दोन आहेत, एकत्र करू नका. चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी स्प्लाइनवर (एकमेकांत सरकणाऱ्या खाचांवर) सरकून बदलते. इंजिनाचा जोर असताना ती स्प्लाइन घर्षणाने अडकते आणि पाय काढला की एकदम सुटते. तोच झटका. नवे क्रॉस टाकून तो जाणार नाही. शाफ्टचे दोन भाग हातात धरून उलटसुलट पिळा. स्प्लाइनमध्ये प्ले (ढिलेपणा) जाणवला तर शाफ्ट बाद. नसेल तर साफ करून मॉलिब्डेनम ग्रीस भरा, रबरी बूट नवा घाला. दोन्ही भाग वेगळे करण्याआधी खूण करा, नाहीतर दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत येत नाहीत आणि गाडी थरथरते.

'टक्'साठी रबर नव्हे, चेसीवरचे, डिफरन्शियल ज्यांवर टांगलेला असतो ते पिन बघा. पुढच्या उजव्या पिनाजवळचा पत्रा फाटणं हे या गाडीचं जुनंच दुखणं.

सर्क्लिप:
शाफ्ट काढणं सोपं आहे: ड्रम काढा, डिफकडचे चार नट, हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) सहा नट, मग हबसकट शाफ्ट बाहेर ओढा. हबचे स्टड चाक धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आर्ममध्ये बसतात, जोर लावलात तर आटे गेलेच. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट पुन्हा वापरू नका. क्रॉस दाबताना कपातली एखादी नीडल (बेअरिंगची बारीक सुई) आडवी पडली की कप पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिप (कप अडवणारी कडी) खाचेत जात नाही. अशा वेळी हातोडा नको, कप उघडा.

क्रॉस ग्रीस निपलवाला की सीलबंद? रोजच्या वापराला मी निपलवालाच घेईन. आतून पोकळ, म्हणून थोडा कमजोर असला तरी ग्रीस बदलता येतं.

पाना_१३:
पैसे जपून ठेवायचेच तर हबसाठी ठेवा. जुना स्टब ॲक्सल (हबमधला छोटा दांडा) थकून तुटतो, चीर बाहेरून दिसत नाही आणि चाक ड्रमसकट निघून जातं. जुना हब खोलायला खास पुलर लागतो, घरी ठोकाठोकी करू नका. सीव्ही शाफ्टचे बरेच संच नव्या हबसकट येतात, तेव्हा किमतीची तुलना 'क्रॉस अधिक हब' अशी करा.

गियरवेडा:
पिनाजवळ केसाएवढी चीर सापडली. आधी वेल्डिंग.

सर्क्लिप:
नुसती चीर भरू नका, खालून जाड पत्र्याचा ठिगळ द्या. आणि त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा.